समुद्रावरचा धूर आणि त्यावरचे नियम



या अंकाच्या अभ्यास-लेखासाठी आम्ही असा विषय घेतला आहे, जो थोडा विज्ञानात येतो, थोडा भूगोलात आणि थोडा नागरिकशास्त्रात. पण पूर्ण असा शाळेच्या कुठल्याच एका पुस्तकात मिळत नाही. मोठ्या जहाजांच्या इंजिनांतून निघणारा धूर आणि तो कमी करण्यासाठी जगातल्या देशांनी मिळून केलेले नियम, हा तो विषय.

कुणी विचारेल, इंदूरला समुद्र कुठे आहे? खरेच आहे. नर्मदेचे पाणी पिणाऱ्या आपल्या माळव्यात जहाज दिसते ते चित्रातच. पण पीथमपूरच्या कारखान्यांतला माल कंटेनरमध्ये भरून न्हावा शेवा बंदराकडे जातो आणि तिथून जहाजाने परदेशी रवाना होतो. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलाचा मोठा हिस्सा बाहेरून येतो, तोही जहाजानेच. जगातल्या एकूण व्यापाराचा ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. म्हणजे माल आपला, पण त्याचा धूर बंदराजवळ राहणाऱ्या माणसांच्या छातीत. म्हणून हा विषय आपलाही आहे.

हे इंजिन असते तरी कसे?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. पुढे १९१२ मध्ये 'सेलांडिया' नावाचे डॅनिश जहाज डिझेल इंजिनावर दूरच्या समुद्रसफरीला निघाले. त्यानंतर हळूहळू कोळशाच्या वाफेवर चालणारी जहाजे मागे पडली.

आजच्या मोठ्या मालवाहू जहाजाचे इंजिन आपल्या कल्पनेत मावणार नाही एवढे असते. २००६ साली पाण्यात उतरलेल्या 'एमा मर्स्क' या कंटेनर जहाजाचे उदाहरण घेऊ. त्याच्या इंजिनाला १४ सिलिंडर आहेत. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९६ सेंटिमीटर, आणि दट्ट्या वर-खाली जातो तो अडीच मीटर. इंजिनाचे वजन सुमारे २३०० टन आणि शक्ती सुमारे ८०,००० किलोवॉट, म्हणजे एक लाखाहून जास्त अश्वशक्ती. आपल्या लहान मोटारीचे इंजिन साधारण साठ-सत्तर अश्वशक्तीचे असते, यावरून अंदाज करा.

गंमत अशी की हे एवढे मोठे इंजिन फिरते मात्र अगदी सावकाश. मोटारीचे इंजिन एका मिनिटात दोन-तीन हजार फेरे सहज घेते, हे घेते जेमतेम शंभर. त्याचा दांडा सरळ जहाजाच्या पंख्याला जोडलेला असतो आणि मोठा पंखा सावकाश फिरला तरच पाण्याला चांगला रेटा मिळतो. इंधनातल्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा हे इंजिन कामाला लावते. इंजिन म्हणून त्याला नावे ठेवायला जागा नाही. दोष आहे तो त्याच्या खाण्यात.

तळाचे तेल

घरी लोणी कढवून तूप करतात तेव्हा भांड्याच्या तळाशी बेरी उरते. तेलशुद्धीकरण कारखान्यातही असेच होते. कच्चे तेल तापवून त्यातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे एकेक पदार्थ काढून घेतले, की शेवटी काळा, घट्ट, डांबरासारखा गाळ उरतो. बेरी आपण साखर घालून आवडीने खातो. या गाळाला मात्र कुणी गिऱ्हाईक नव्हते. ते जहाजांच्या रूपाने मिळाले. जहाजाचे इंजिन सावकाश चालणारे आणि दणकट, त्याला हे तेल चालते. शिवाय ते स्वस्त.

हे तेल थंडपणी इतके दाट असते की ते पंपानेही ओढता येत नाही. टाकीत ते वाफेच्या नळ्यांनी ऊबदार ठेवतात आणि इंजिनात फवारण्यापूर्वी शंभर अंश सेल्सियसच्याही वर तापवतात. कच्च्या तेलातले बरेचसे गंधक आणि इतर घाण याच गाळात साठून राहते. मोठ्या जहाजाला असे तेल दिवसाला शंभर टन किंवा त्याहूनही जास्त लागते.

धुरात काय असते? एक हिशेब

धुरातले तीन पदार्थ आपल्याला महत्त्वाचे आहेत.

पहिला, सल्फर डायऑक्साइड. इंधनातले गंधक जळून हा वायू होतो. तो हवेत गेल्यावर त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते फुप्फुसात खोलवर जातात आणि दमा, हृदयविकार यांना कारण होतात. पावसात मिसळले तर आम्लवर्षा होते.

दुसरा, नायट्रोजनचे ऑक्साइड. हे इंधनातून कमी आणि हवेतूनच जास्त तयार होतात. हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन एरवी शेजारी शेजारी शांत असतात. पण सिलिंडरमधल्या भयंकर उष्णतेत ते एकमेकांशी संयोग पावतात. म्हणजे इंधन कितीही स्वच्छ असले तरी हे ऑक्साइड होणारच.

तिसरा, काजळी आणि बारीक कण.

आता आपल्या रसायनशास्त्राचा उपयोग करू. गंधकाचा अणुभार ३२ आणि सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४. म्हणजे १ टन गंधक जळले की २ टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. एका जहाजाने दिवसाला १०० टन तेल जाळले असे धरा.

गंधक ३.५ टक्के असेल, तर वायू ७ टन.
गंधक ०.५ टक्के असेल, तर वायू १ टन.
गंधक ०.१ टक्के असेल, तर वायू २०० किलो.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ डिझेल लागू झाले. त्यात दहा लाख भागांत गंधक जास्तीत जास्त १० भाग असते. तेवढेच १०० टन डिझेल जाळले तर वायू निघेल फक्त २ किलो. एकीकडे ७ टन, दुसरीकडे २ किलो. रस्त्यावरच्या ट्रकला एक न्याय आणि समुद्रावरच्या जहाजाला दुसरा, असे जगाने कित्येक वर्षे चालू दिले.

समुद्र फार मोठा आहे, धूर विरून जातो, असे पूर्वी मानत. पण जहाजे महासागराच्या मध्यात कमी आणि किनाऱ्यालगतच्या ठरलेल्या वाटांवर जास्त चालतात. त्यांच्या धुरापैकी सुमारे ७० टक्के धूर किनाऱ्यापासून ४०० किलोमीटरच्या आत निघतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अमेरिकेतले प्राध्यापक जेम्स कॉर्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला की जहाजांच्या सूक्ष्म कणांमुळे जगात दर वर्षी सुमारे ६०,००० माणसे अकाली मरतात. त्यांतली बहुतेक युरोप, पूर्व आशिया आणि आपल्या दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांजवळची.

समुद्र कुणाचा? मग नियम कुणी करायचा?

इथे विज्ञान संपते आणि नागरिकशास्त्र सुरू होते. इंदूरमध्ये एखादा कारखाना काळा धूर सोडू लागला तर त्याला नोटीस देणारे प्रदूषण मंडळ आहे. पण भर समुद्रावर कुठल्याच देशाचे राज्य नसते. जहाजाचा मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्या देशाचे आणि माल चौथ्याचा. पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे हे जगातल्या पुष्कळ जहाजांना आपला झेंडा देणारे देश आहेत, पण त्या जहाजांचे मालक बहुतेक दुसरीकडेच असतात. एखाद्या देशाने एकट्यानेच कडक नियम केला, तर मालक झेंडा बदलून दुसऱ्या देशाकडे जाऊ शकतो. म्हणून नियम सगळ्यांनी मिळूनच करावा लागतो.

हे काम संयुक्त राष्ट्रांची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना करते. तिला थोडक्यात आयएमओ म्हणतात. तिचे कार्यालय लंडनला आहे. १९६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज फुटून समुद्रात तेलाचा तवंग पसरला, तेव्हा जग जागे झाले. १९७३ मध्ये 'मार्पोल' नावाचा करार झाला आणि १९७८ मध्ये त्यात भर पडली. पण तो होता पाण्यात जाणाऱ्या घाणीविषयी. हवेत जाणाऱ्या घाणीविषयीचे सहावे परिशिष्ट त्याला जोडले गेले ते १९९७ मध्ये.

जोडले, पण लागू झाले नाही. किमान १५ देशांनी मान्यता द्यावी आणि त्या देशांकडे जगातल्या व्यापारी जहाजांची निम्मी क्षमता असावी, अशी अट होती. मोठे देश विचार करत बसले. मे २००४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या चिमुकल्या बेटांच्या देशाने मान्यता दिली आणि पंधराची संख्या पुरी झाली. त्यानंतर एका वर्षाने, १९ मे २००५ रोजी, सहावे परिशिष्ट लागू झाले. भारतानेही पुढे ते स्वीकारले.

पहिला नियम मात्र नावापुरताच होता. गंधकाची मर्यादा ठेवली ४.५ टक्के, आणि जहाजे प्रत्यक्षात वापरत होती ते तेल सरासरी अडीच-पावणेतीन टक्क्यांचे! कुणाला काही बदलावेच लागले नाही. तरी आमच्या मते तो नियम व्यर्थ नव्हता. एकदा चौकट तयार झाली की तिच्यातला आकडा खाली आणता येतो. २००८ मध्ये तेच झाले. मर्यादा २०१२ पासून ३.५ टक्के आणि पुढे ०.५ टक्के करायचे ठरले. बाल्टिक समुद्र, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेचा किनारा या खास जपलेल्या क्षेत्रांत तर २०१५ पासून फक्त ०.१ टक्के. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही गंधकापुरता या यादीत आला.

२०२० की २०२५?

२००८ च्या निर्णयात एक दार उघडे ठेवले होते. पुरेसे स्वच्छ तेल मिळणार नाही असे दिसले, तर ०.५ टक्क्यांचा नियम २०२० ऐवजी २०२५ पासून लावता येणार होता. जहाज कंपन्यांना खर्चाची चिंता होती, तेल कंपन्यांना कारखाने बदलावे लागणार होते. पाच वर्षांनी असे काय मोठे बिघडते, असे कुणालाही वाटले असते.

त्या वेळी फिनलंडने आयएमओपुढे एक अभ्यास मांडला. पाच वर्षे उशीर केला तर जगात ५ लाख ७० हजारांहून अधिक जास्तीचे अकाली मृत्यू होतील, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये लंडनच्या बैठकीत निर्णय झाला: नियम २०२० पासूनच.

मित्रांनो, या प्रसंगावर थोडा वेळ थांबा. त्या सभागृहात तारखेची चर्चा चालू होती. पण त्या तारखेच्या मागे माणसे होती. त्यांची नावे कुणाला ठाऊक नव्हती, तीही सभेत बसलेली नव्हती. त्यांच्या वतीने बोलला तो एक हिशेब. गणित आणि विज्ञान कशासाठी शिकायचे, असा प्रश्न आम्हाला वर्गावर्गात विचारला जातो. त्याला याहून चांगले उत्तर आमच्याजवळ नाही.

नियम पाळला जातो, हे कळते कसे?

भर समुद्रात रात्री कोणते तेल जाळले, हे पाहायला कोण जाणार? यासाठी चार उपाय आहेत.

पहिला, कागद आणि बाटली. जहाजाने तेल घेतले की त्याची पावती मिळते, तिच्यावर गंधकाचे प्रमाण लिहिलेले असते. ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. त्याच तेलाचा नमुना बाटलीत सीलबंद करून निदान बारा महिने ठेवावा लागतो.

दुसरा, बंदरातली तपासणी. झेंडा कोणाचाही असो, जहाज ज्या देशाच्या बंदरात येते त्या देशाला ते तपासण्याचा अधिकार आहे. नियमात बसत नसेल तर जहाज अडवून ठेवता येते. जहाजाचा एक दिवस फुकट जाणे म्हणजे मालकाचे मोठे नुकसान.

तिसरा, धूर हुंगणारी यंत्रे. डेन्मार्कमध्ये ग्रेट बेल्ट नावाचा मोठा पूल आहे. त्याच्याखालून जाणाऱ्या जहाजांचा धूर पुलावर बसवलेले यंत्र तपासते आणि गंधक जास्त वाटले तर पुढच्या बंदराला कळवले जाते. बेल्जियम हेच काम विमानाने करते.

चौथा उपाय आम्हाला सर्वांत हुशारीचा वाटतो. १ मार्च २०२० पासून, ज्या जहाजावर धूर धुण्याचे यंत्र नाही, त्याने जास्त गंधकाचे तेल आपल्यासाठी टाकीत बाळगणेसुद्धा बेकायदा ठरले. आता 'तू ते जाळलेस' हे सिद्ध करण्याची गरजच नाही. टाकीत सापडले, की झाले. परीक्षेत कॉपी करताना पकडण्यापेक्षा चिठ्ठी वर्गात आणूच न देणे सोपे, तसेच हे.

नायट्रोजनचा निराळा नियम

गंधकाचा नियम इंधनावर आहे, म्हणून तो एका दिवसात जुन्या-नव्या सर्व जहाजांना लावता आला. नायट्रोजनचे ऑक्साइड इंजिनातच बनतात, म्हणून तो नियम जहाज केव्हा बांधले त्यावर आहे. सावकाश फिरणाऱ्या इंजिनासाठी दर किलोवॉट-तासामागे मर्यादा अशी: २००० पासूनच्या जहाजांना १७ ग्रॅम, २०११ पासूनच्यांना १४.४ ग्रॅम. तिसरा टप्पा ३.४ ग्रॅमचा, पण तो ठरावीक क्षेत्रांतच लागतो: उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर २०१६ पासून बांधलेल्या, आणि बाल्टिक व उत्तर समुद्रात २०२१ पासून बांधलेल्या जहाजांना.

ही शेवटची मर्यादा गाठण्यासाठी धुरात युरियाचे द्रावण फवारतात. होय, शेतकरी खत म्हणून घालतो तोच युरिया. उत्प्रेरकाच्या मदतीने त्या ऑक्साइडचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी होते. नव्या बीएस-६ ट्रकांतही हीच युक्ती आहे.

इथे एक पळवाट निघाली. जहाज 'बांधले' केव्हा, तर त्याचा कणा ठेवला त्या दिवशी, अशी व्याख्या होती. मग काहींनी तारीख उलटण्याआधी नुसते कणे ठेवून घेतले आणि जहाज पुढे सवडीने पुरे केले. जहाज पंचवीस-तीस वर्षे चालते, त्यामुळे अशा पळवाटेचा धूरही तितकीच वर्षे चालतो.

एक घाण काढताना दुसरी

जास्त गंधकाचे तेल वापरूनही नियम पाळण्याचा एक मार्ग मोकळा ठेवला आहे: धूर समुद्राच्या पाण्याने धुऊन काढायचा. त्या यंत्राला स्क्रबर म्हणतात. धूर स्वच्छ होतो, पण धुतलेले पाणी बरेचदा परत समुद्रातच सोडतात. हवेतली घाण पाण्यात गेली, इतकेच. सिंगापूरने २०२० पासून आपल्या बंदरात असे पाणी सोडायला बंदी केली, डेन्मार्क आणि स्वीडनने जुलै २०२५ पासून आपल्या सागरी हद्दीत.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. सल्फेटच्या कणांभोवती ढगांचे बारीक थेंब जमतात. जहाजांच्या वाटेवर असे उजळ ढगांचे पट्टे उपग्रहाच्या चित्रांत दिसत. ते सूर्यप्रकाश परत पाठवून पृथ्वीला थोडे थंड ठेवत. २०२० नंतर हे पट्टे कमी झाले आणि आतापर्यंत झाकलेली थोडी उष्णता उघडी पडली. ती नेमकी किती, यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. यावरून कुणी म्हणेल की गंधकाचा धूरच बरा होता. आम्हाला ते पटत नाही. ताप आलेला कळू नये म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे ते होईल. खरे काम आहे ते कार्बन डायऑक्साइड कमी करण्याचे.

आणि तेच काम मागे पडले आहे. २०१८ च्या हिशेबाने जगातल्या हरितगृह वायूंपैकी जवळजवळ ३ टक्के जहाजांतून निघत होते. २०२३ मध्ये आयएमओच्या सदस्य देशांनी ठरवले की २०५० च्या सुमारास हे प्रमाण निव्वळ शून्यावर आणायचे. त्यासाठी जास्त कार्बन सोडणाऱ्या जहाजांकडून पैसे घेणारा नियम एप्रिल २०२५ मध्ये तयार झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो मंजूर व्हायचा होता. पण ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय एक वर्ष पुढे ढकलण्यात आला. २०१६ मध्ये उशीर नाकारला गेला, २०२५ मध्ये स्वीकारला गेला. उशिराची किंमत असते, आणि ती सभेत मत देणारे क्वचितच भरतात, हे आपण वर पाहिलेच आहे.

शब्द लक्षात ठेवा

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आणि तुमच्यापैकी अनेकांची विज्ञानाची पुस्तके हिंदीत आहेत. म्हणून काही शब्द दोन्ही भाषांत देत आहोत. आधी मराठी, मग हिंदी.

इंधन – ईंधन
आम्लवर्षा – अम्लीय वर्षा
ज्वलन – दहन
काजळी – कालिख
फुप्फुस – फेफड़ा
हरितगृह वायू – ग्रीनहाउस गैस

स्वाध्याय

१. एका जहाजाने दहा दिवस रोज ८० टन तेल जाळले. गंधक ०.५ टक्के असेल तर एकूण किती सल्फर डायऑक्साइड निघेल?

२. १०,००० किलोवॉटचे इंजिन पूर्ण शक्तीने एक तास चालले. तीनही टप्प्यांच्या मर्यादेनुसार नायट्रोजनचे ऑक्साइड जास्तीत जास्त किती किलो निघतील?

३. गंधकाचा नियम सर्व जहाजांना एकदम लावता आला, नायट्रोजनचा का नाही? चार ओळींत लिहा.

४. 'जास्त गंधकाचे तेल जाळू नये' आणि 'ते टाकीत बाळगू नये' या दोन नियमांत अंमलबजावणीला सोपा कोणता? कारण द्या. असाच एखादा नियम आपल्या शहरातून शोधा.

५. घरातल्या पाच वस्तू घ्या आणि त्या कोणत्या देशातून, कोणत्या मार्गाने आल्या असतील ते आई-वडिलांच्या मदतीने शोधा.

उत्तरे वहीत लिहून आपापल्या विज्ञान शिक्षकांकडे द्यावीत. पाचव्या प्रश्नाची चांगली उत्तरे शाळेच्या फलकावर लावली जातील. पालकांनीही मुलांबरोबर पहिले गणित सोडवून पाहावे, ही विनंती.